वाचवलेले पैसे कोणाच्या वाट्याचे?



आमच्या घरी हिशेबाची एक वही आहे. एक म्हणजे खरे तर आता बरीच झाली आहेत, पण आम्ही त्यांना अजून ‘वही’ असेच म्हणतो. लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यापासून माझी पत्नी रोजचा खर्च लिहीत आली आहे. दूध, भाजी, किराणा, गॅस, वीजबिल, मुलांची फी, देवळातले दान, पाहुण्यांसाठी आणलेली मिठाई, सारे काही. महिन्याच्या शेवटी खाली रेघ मारायची आणि शिल्लक लिहायची. शिल्लक राहिली की तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचे. मलाही बरे वाटायचे.

काटकसर हा आपल्या भागातल्या माणसांच्या अंगात मुरलेला गुण आहे. माण, जत, आटपाडीकडच्या माणसाला पाऊस किती पडेल ह्याचा भरवसा नसतो, आणि कृष्णाकाठच्या माणसाला पाणी घरात कधी शिरेल ह्याचा नसतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला, तेव्हा ज्यांच्या गाठीला चार पैसे होते ते लवकर सावरले. नव्हते ते अजूनही कर्ज फेडत असतील. म्हणून पैसे राखून ठेवण्याला मी कधीच कमी लेखणार नाही. संकटात शेजाऱ्याच्या दारात जावे लागू नये, एवढीच पुष्कळ कुटुंबांची इच्छा असते, आणि ती चांगली इच्छा आहे.

माझी आई कराड तालुक्यातल्या एका खेड्यात वाढली. वर्षाची बेगमी उन्हाळ्यातच करायची, हा तिचा नेम. शाळू निघाला की ज्वारी घ्यायची, गहू घ्यायचा, ऊन द्यायचे, गव्हाला एरंडेल चोळायचे, डब्यात कडुनिंबाचा पाला घालायचा. हळद पुडीतली आणायची नाही. सांगलीच्या बाजारात नवी हळद आली की हळकुंडे घेऊन गिरणीतून दळून आणायची. मिरच्या वाळवून वर्षाची चटणी कांडून ठेवायची. डाळ शिजवायच्या आधी भिजत घालायची, म्हणजे सरपण कमी लागते. गॅस आल्यावरही तिने ही सवय सोडली नाही. शिळ्या भाकरीचा कुस्करा व्हायचा, जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची, आणि गोधडी विरली की तिचे पायपुसणे.

अशा काटकसरीत कोणाचे नुकसान होत नाही. आजच्या काळातले उदाहरण घ्या. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला, तर महिन्याला ९ युनिट वीज लागते. त्याच जागी ९ वॅटचा एलईडी लावला, तर दीड युनिटही लागत नाही. उजेड तेवढाच पडतो. साडेसात युनिट वाचतात, आणि ती कोणाच्याही ताटातून काढलेली नसतात. भिजवलेली डाळ, बंद केलेला पंखा, गळका नळ दुरुस्त करणे, यादी करून बाजाराला जाणे, ‘एकावर एक फुकट’ पाहून नको असलेली दुसरी वस्तू घरी न आणणे, हे सगळे ह्याच जातीचे. इथे आपण उधळपट्टीला लगाम घालतो. देवाने दिलेल्या वस्तूचा मान राखतो.

मग प्रश्न कुठे येतो?

प्रश्न आला तो आमच्या त्याच वहीत. २०२२ च्या उपवासकाळात एक जुनी पावती शोधताना मी मागच्या वह्या चाळत होतो. २०२० सालचा एप्रिल महिना उघडला. तुम्हाला आठवत असेल, मार्चच्या शेवटी देशभर टाळेबंदी झाली आणि सगळे जण घरात बसलो. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी येऊ शकत नव्हत्या. आम्ही दोघांनी भांडी वाटून घेतली. वहीत पत्नीच्या स्वच्छ अक्षरात लिहिले होते, ‘मावशी: ०’. मे महिन्यातही तेच, ‘मावशी: ०’. आणि मे अखेरच्या रेघेखाली, ‘दोन महिन्यांत मावशींचे वाचले १६००.’

मला निवृत्तिवेतन त्या दोन्ही महिन्यांत पूर्ण मिळाले होते. मीही घरीच होतो आणि मावशीही घरीच होत्या. काम दोघांनीही केले नव्हते, माझे तर निवृत्तीमुळे आधीच सुटले होते. पण माझे पैसे थांबले नाहीत आणि त्यांचे थांबले. ते थांबवणारा मी होतो. आणि त्या थांबवण्याला आमच्या वहीत ‘वाचले’ असे नाव मिळाले होते.

मी वही पत्नीला दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही १६०० रुपये पाकिटात घालून मावशींना दिले आणि कशाचे ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. पाकीट हातात धरून म्हणाल्या, “त्या वक्ताला पायजे हुते बघा.” मग सहज बोलल्यासारखे सांगितले, की त्या मे महिन्यात किराण्यासाठी त्यांनी कानातली फुले गहाण टाकली. ती नंतर सोडवता आली नाहीत.

बंधुभगिनींनो, १६०० रुपयांचा हिशेब तिथे माझ्या डोक्यातून पुसला गेला. आमच्या घरी ती नुसती शिल्लक होती. तिचे आम्ही काय केले तेही आठवत नाही. त्यांच्या घरी ते कानातले सोने होते. तेच पैसे एका घरातून दुसऱ्या घरात गेले की त्यांचे वजन बदलते. हे मला शाळेतल्या गणिताने कधी शिकवले नव्हते.

तेव्हापासून मी काटकसरीला पहिला प्रश्न विचारतो, की हे पैसे कोणाच्या वाट्यातून वाचले?

हा प्रश्न घेऊन मंडईत गेलो की पुष्कळ गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. मेथीची पेंडी पंधराला सांगितली की आपण दहाला मागतो. ती विकणारी बाई पहाटे सौद्याला गेलेली असते. तिथे तिने रोखीने माल घेतलेला असतो, पुष्कळदा सकाळी उसने घेऊन संध्याकाळी परत करायच्या बोलीवर. मेथी उद्यापर्यंत टिकत नाही. संध्याकाळी सात वाजता ती आपल्याला जे ‘परवडतं’ म्हणते, ते परवडत असतेच असे नाही. ते घेऊन घरी जाण्यापेक्षा बरे, एवढाच त्याचा अर्थ असतो. आपण मात्र पाच रुपये जिंकल्याच्या आनंदात घरी येतो. त्याच दिवशी मोठ्या दुकानात काचेमागच्या वस्तूवर जी किंमत छापलेली असते, ती आपण मुकाट्याने देतो. तिथे घासाघीस करण्याचे आपल्या मनातही येत नाही. म्हणजे आपली काटकसर जिथे समोरचा माणूस दुबळा असतो, तिथेच जोर धरते की काय?

इथे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे, की भाव करणे ही बाजाराची रीत आहे. विकणारीही पाच रुपये चढवूनच सांगते. शिवाय ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेलाच पैसे संपतात, त्या घरच्या बाईने पाच रुपयांसाठी घासाघीस केली तर तिला दोष कोण देणार? मी तरी देणार नाही. मोठ्या दुकानात स्वस्त मिळते म्हणून तिथे जाणे हेही पाप नव्हे. ते घाऊक घेतात म्हणून त्यांना स्वस्त देता येते. प्रत्येक पेंडीमागे सद्‌सद्विवेकाची परीक्षा घेत बसलो, तर माणूस बाजाराला जायचाच थांबेल. मी एवढेच म्हणतो, की जिची गरज आपल्यापेक्षा मोठी आहे तिच्याशी भाव करताना क्षणभर थांबावे. रीत म्हणून दोन शब्द बोलावेत, हसावे, आणि ती शेवटी जे सांगेल ते द्यावे. ज्याला झेपते त्याने द्यावे. ज्याला झेपत नाही, त्याच्याकडे बोट दाखवू नये.

ख्रिस्तसभेने हा विषय बाजारातल्या माणसांवर सोडून दिलेला नाही. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ साली कामगारांविषयीच्या आपल्या परिपत्रकात सांगितले, की मजूर गरजेपोटी कमी मजुरीला ‘हो’ म्हणाला एवढ्याने ती मजुरी न्याय्य ठरत नाही. ती त्याला जगवण्याइतकी असली पाहिजे. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी २००९ साली आणखी एक पाऊल टाकले. त्यांच्या मते वस्तू विकत घेणे ही नुसती पैशांची देवघेव नसते, त्या कृतीला नैतिक बाजूही असते. संत याकोबाच्या पत्रात तर शेतात राबणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आहे, असे चित्र आहे. आमच्या वहीतले ते ‘०’ वाचताना मला ते आठवले.

हा प्रश्न घराबाहेरच विचारायचा असे नाही. घरातही तो विचारला पाहिजे, आणि तिथे तो जास्त बोचतो. आईची काटकसर मी वर कौतुकाने सांगितली. तिचा एक भाग मी सांगितला नाही. ती सर्वांत शेवटी जेवायची. दूध कमी पडले तर तिचा चहा कोरा व्हायचा. म्हातारपणी तिचे डोळे तपासायला नेले, तेव्हा कळले की तिचा चष्मा कित्येक वर्षे चुकीच्या नंबरचा होता. “दिसतंय की” म्हणून तिने तो बदलला नव्हता. आम्ही पोरे तिच्या काटकसरीवर शिकलो, आणि ती काटकसर तिच्या ताटातून आणि तिच्या डोळ्यांतून होत होती हे कोणी पाहिले नाही. स्वतःच्या वाट्यातून दुसऱ्यासाठी काढणे हा त्याग आहे, त्यापुढे मी हात जोडतो. पण दर वेळी एकाच माणसाने काढायचे आणि बाकीच्यांनी ते गृहीत धरायचे, ह्याला कुटुंबाची काटकसर म्हणता येणार नाही. तुमच्या घरी महिना ओढून नेताना कोणाची गोष्ट सर्वांत आधी पुढे ढकलली जाते? औषध कोणाचे राहते? एकदा पाहा.

काटकसरीला विचारायचा दुसरा प्रश्न असा, की वाचवलेले कोणासाठी आहे?

ह्याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. सांगलीजवळच्या दूधगावात १९१० च्या सुमारास भाऊराव पाटील आणि त्यांच्या सोबत्यांनी गरीब मुलांसाठी विद्यार्थी आश्रम सुरू केला. पुढे १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. निरनिराळ्या जातींची मुले तिथल्या वसतिगृहात एकत्र राहू-जेवू लागली. पण ती जेवणार काय? पैसा असलेली माणसे थोडी होती. तेव्हा गावोगाव ‘मुष्टिफंड’ गोळा होऊ लागला. घरच्या बाईने दळणातून एक मूठ धान्य वेगळे काढायचे. एक मूठ कमी झाली म्हणून त्या घरात कोणी उपाशी राहत नसे, आणि अनेक घरांच्या मुठी एकत्र आल्या की मुलांची भाकरी होत असे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी तर मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले.

ह्याच सुमारास, दूर मिझोरामच्या डोंगरांत, ख्रिस्ती स्त्रियाही हेच करू लागल्या होत्या. भात शिजवताना एक मूठ तांदूळ प्रभुकार्यासाठी बाजूला काढायचा. ही प्रथा तिथे १९१० पासून चालत आली आहे आणि ती त्यांच्या मंडळीच्या कार्याचा मोठा आधार ठरली. दूधगावच्या बायांना मिझोराम माहीत नव्हते, मिझो बायांना दूधगाव माहीत नव्हते. चुलीपाशी बसणाऱ्या बाईला दोन्हीकडे एकच गोष्ट सुचली. आपल्याच हंडीतून, आपल्याच मुठीने, दुसऱ्याच्या लेकरासाठी.

मला इथे दोन बायांचे दागिने शेजारी शेजारी दिसतात. लक्ष्मीबाईंनी ते स्वतःहून उतरवून दिले. आमच्या मावशींचे मात्र आमच्या बचतीने उतरवले.

पण वाचवलेले सर्व दुसऱ्यालाच द्यावे, असे मी म्हणत नाही. गरिबाने स्वतःसाठी वाचवणे हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवड गावची हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. रस्त्याकडेला लोहारकाम करून राहणारी एक बाई बँकेत खाते उघडायला गेली. पावसाळ्याच्या आधी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घ्यायचा, त्यासाठी तिला पैसे साठवायचे होते. एवढ्या थोड्या रकमेसाठी कोणी खाते उघडून देईना. त्यातून चेतना गाला सिन्हा ह्यांना बायकांचीच बँक काढावी असे वाटले. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण सभासद बायका निरक्षर होत्या, अर्जावर अंगठे होते. बायका लिहा-वाचायला शिकू लागल्या आणि पुन्हा गेल्या. आम्हाला वाचता येत नसेल, पण व्याजाचा हिशेब तोंडी करता येतो, तुमच्या साहेबांना यंत्राशिवाय करायला सांगा, असे आव्हान त्यांनी दिले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे बँकेची माणसे बायकांच्या दारात जाऊन त्यांची रोजची छोटी बचत घेऊ लागली.

त्या लोहारीण बाईची बचत प्लास्टिकच्या कागदाएवढी होती. पण ती कशासाठी आहे हे तिला नेमके माहीत होते, लेकरांच्या डोक्यावर पाऊस पडू नये म्हणून. आपल्यापैकी कितींना आपल्या बचतीविषयी असे एका वाक्यात सांगता येईल? येशूच्या दाखल्यातला श्रीमंत शेतकरी जुनी कोठारे पाडून मोठी बांधायला निघाला. त्याने धान्य साठवले ह्यात दोष नव्हता, योसेफानेही मिसरात साठवले होते. योसेफाची कोठारे दुष्काळात लोकांसाठी उघडली. ह्या शेतकऱ्याच्या बोलण्यात मात्र ‘मी’ आणि ‘माझे’ ह्यांखेरीज दुसरा माणूसच नाही.

शेवटी पाच भाकरी आणि दोन मासे. प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून, आणि बारा टोपल्या भरल्या. काटकसरीवर बोलताना आपण हा प्रसंग नेहमी सांगतो. मीही मुलांना ताटात टाकू नका म्हणून तोच सांगत आलो. पण ते तुकडे कधी गोळा झाले, इकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. आधी पाच हजार माणसे गवतावर बसली आणि पोटभर जेवली. त्यानंतर तुकडे गोळा झाले. जेवण वाढण्याच्या आधी कोणी टोपल्या बाजूला काढून ठेवल्या नाहीत.

आमच्या वहीत आता क्रम बदलला आहे. महिन्याच्या पहिल्या ओळीत मावशींचा पगार लिहिला जातो. त्या आजारी पडल्या किंवा आम्ही गावाला गेलो, तरी तो कापायचा नाही, असे ठरले आहे. त्यानंतर औषधे, आणि त्यात पत्नीचीही. मग बाकीचा खर्च. शिल्लक पूर्वीपेक्षा कमी पडते, हे खरे आहे. पिठाच्या डब्याशेजारी एक लहान डबा ठेवला आहे, त्यात रोज मूठभर तांदूळ पडतो. महिनाअखेरीस तो कोणाच्या घरी न्यायचा हे आम्ही दोघे मिळून ठरवतो. मावशींच्या कानातली फुले मात्र आम्हाला परत आणता आली नाहीत.

ह्या आठवड्यात तुम्हीही घरचा हिशेब उघडा. वही नसेल तर मनातला उघडा. जिथे जिथे ‘वाचले’ असे लिहिले आहे, तिथे कोणाच्या वाट्याचे वाचले ते एकदा विचारा. कुठे दुसऱ्याच्या वाट्याचे निघाले, तर ते परत करायला फार वर्षे लावू नका. त्या वेळी ज्याला ते हवे असते, त्याला ते त्याच वेळी हवे असते.